वाडी बसली होती, गोमा

गोमा,

संपादक परवा येऊन गेले. तू गेल्यावर आता तुझ्यावर अंकात लिहायचं म्हणून तुझी जन्मतारीख विचारत होते. मी म्हटलं, ठाऊक नाही. तुझी आई सांगायची की वाडीवर पटकीची साथ आली त्याच्या पुढच्या शिमग्याला तू झालास. ते त्यांनी लिहून घेतलं नाही. शिक्षण विचारलं, सांगितलं. आजार विचारला, छातीचा म्हटलं. मग त्यांनी दारात बसल्या बसल्या वही मिटली. समोर चहा निवत होता.

"बाई, एवढ्यानं काय होणार?" ते म्हणाले. "गोमाजी एवढेच होते का?"

मी म्हटलं, "साहेब, बाकीचं मी लिहिते. आमचं एक भांडण राहिलंय."

तर हे तेच भांडण. आपल्यात बायको नवऱ्याला तू म्हणते, म्हणून इथंही तूच लिहिते. घरात आपण आपल्या कातकऱ्यांच्या काथोडी बोलीत भांडायचो. इथं वाचणाऱ्यांना कळावी म्हणून ती थोडी वाकवून लिहिते आहे. हे तुला आवडलं नसतं. तू म्हणाला असतास, वाकवू नको, त्यांना शिकू दे की जरा.

तू वार्ताहर कसा झालास हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे. डोंगरातल्या मुलांसाठी काढलेल्या शाळेत आपण दोघं होतो. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी आपल्याला गूळ-खोबरं वाटलं होतं, आणि तू मास्तरांना विचारलं होतंस, "आता आमच्या वाडीवर फौजदार येनार न्हाय ना?" मास्तर हसले होते. फौजदार येतच राहिले. म्हसळ्याच्या बाजारात काही गेलं की ते आधी आपल्या वाडीवर येत, आणि आठवड्यानं अलिबागच्या साप्ताहिकात छापून येई, 'कातकऱ्याची चोरी'. तोवर आपलं लग्न झालं होतं. तसा एक अंक हातात घेऊन तू एस.टी.नं अलिबागला गेलास, विचारत विचारत छापखान्यात शिरलास आणि संपादकांच्या टेबलावर तो पसरून म्हणालास, "साहेब, दुसऱ्या कुनी चोरी केली तर तुमी त्याचं नाव छापता. आमच्यातल्या कुनी केली तर जात छापता. असं का?"

संपादकांनी तो अंक स्वतःकडं ओढून पुन्हा वाचला. हे तेच मला सांगत होते परवा. म्हणाले, "मी त्यांना म्हटलं, मग तुम्हीच लिहून पाठवत चला." त्यांना वाटलं होतं तू दोन-चार बातम्या पाठवशील आणि कंटाळशील.

तू कंटाळला नाहीस, पण संपादकांना कंटाळा आणलास. तुझी बातमी कधी वेळेवर गेली नाही. ज्या वाडीची बातमी, त्या वाडीवर जाऊन ती आधी वाचून दाखवायची, हा तुझा नियम. म्हातारे ऐकायचे, बाया ऐकायच्या, कुणी म्हणायचं हे असं नव्हतं, कुणी म्हणायचं हे आमच्या घरातलं आहे, भायेर नको. तू खोडायचास, पुन्हा लिहायचास, मग टपालात टाकायचास. संपादकांचं कार्ड यायचं, बातमी शिळी झाली. आपल्या लोकांच्या खाण्यापिण्यावर, नाचण्यावर गमतीदार काहीतरी लिहा, वाचकांना आवडेल, असंही एकदा त्यांनी कळवलं होतं. तू उत्तर दिलंस, ज्यांच्या घरी मी जेवतो त्यांच्या ताटाकडं दुसऱ्यांना बघायला मी बोलवणार नाही. ते कार्ड मीच टपालात टाकलं. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. पुढं याच स्वभावाचा मला इतका राग येईल असं वाटलं नव्हतं.

भट्टीची हकिगत इथल्या जुन्या वाचकांनी अर्धीमुर्धी वाचली आहे. मी ती आज पहिल्यापासून सांगते.

भाताची कामं उरकली की आपली माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. ठेकेदाराचा ट्रक येतो. भांडी, कोंबड्या, पोरं घेऊन घरंच्या घरं त्यात चढतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. त्या वर्षी वाडीतली बरीच घरं माणगावच्या पलीकडं, घाटातल्या जंगलात गेली होती. माझा धाकटा भाऊ नवश्या त्यांच्यात होता. त्याचं लग्न व्हायचं होतं. खाली परत आला की करायचं ठरलं होतं.

शिमगा होऊन गेला होता. दुपारची मी दारात पाखडत बसले होते, तर जानी आली. जानी आपल्या शेजारच्या घरातली, तीही नवरा-पोरांसकट भट्टीवर गेलेली. एकटीच आली होती, पाठीवर तिचं लहान पोर, तापानं मान टाकलेलं. माणगावच्या दवाखान्यात सुई टोचून घेतली होती आणि तिथून ती चालत आली होती. तिनं पोराला खाली ठेवलं आणि माझ्यासमोर बसली. तू आत होतास. तिच्या आवाजानं बाहेर आलास.

"नवश्याला मारला, सोमे," ती म्हणाली.

मी सूप धरूनच होते.

"मुकादमानं मारला. माझ्या पोराला ताप भरला व्हता. नवश्या म्हनला, मी पाठीवर घेतो, दवाखान्यात नेतो. मुकादम म्हनला, भट्टी पेटलीय, कुनी हलायचं न्हाय. नवश्यानं पोराला उचललं आनि चालाया लागला. मागनं डोक्यात लाकूड घातलं त्यानं. पोर माझ्याच अंगावर पडलं."

"कुठं हाय तो?" मी विचारलं. मला वाटलं, नुसता जखमी असेल.

"तितंच पुरला. झाडावरनं पडला म्हनून सांगायचं, असं सगळ्यांना बजावलंय. मग मला म्हनला, जा, पोराला ने आता दवाखान्यात. आनि माझ्या घरधन्याकडं बोट केलं. हा इथं हाय, ध्यानात ठेव, म्हनला."

मी तुझ्याकडं बघितलं आणि एकच शब्द म्हणाले, "लिही."

तू दाराच्या मेढीला टेकून उभा होतास. तू म्हणालास, "लिहितो. पन आधी वाडी बसू दे."

माझा भाऊ गेला होता, गोमा. तुझा मेहुणा, तुझ्या मागं मागं मासे धरायला जाणारा. आणि तू म्हणालास, वाडी बसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी बसली. खाली उरलेली सगळी माणसं आली, म्हातारे, बाया, पोटुशी सुनासुद्धा. बुध्या नाईक तेव्हा वाडीचे पुढारी होते, डोळ्यांनी अधू झालेले, पण ऐकायला पक्के. त्यांनी जानीला सगळं सांगायला लावलं. मग मला विचारलं, "सोमे, तुझा भाव. तू काय म्हनतेस?"

मी म्हटलं, "छापा. फौजदाराकडं जा. आजच उकरलं तर डोकं फुटलेलं दिसंल. उद्या काय दिसनार?"

कुणी मला खोटं पाडलं नाही. पण जानी खाली बघून म्हणाली, "माझा माणूस वर हाय. मोठी पोर वर हाय. छापलं तर मुकादमाला कळंल कुनी सांगितलं. खाली मीच तेवढी आलेय." मग ज्यांची ज्यांची माणसं वर होती ते एकेक बोलले. सगळ्यांचं तेच होतं.

नाईकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गेला तो आपला. वर जित्ती हायेत तीबी आपली. आधी त्यांना खाली आनू. मग गोमानं लिहावं, आनि सगळ्यांची नावं घालून लिहावं. तोवर भायेर कुनी तोंड उघडायचं न्हाय." एकेकानं पुढं येऊन शपथेचा हात जमिनीला लावला. तूही लावलास. मी शेवटी लावला, कारण सगळी माझ्याकडं बघत होती.

घरी आल्यावर मी तुला म्हटलं, "तू वाडीचा म्हनून गप बस. पन तू वार्ताहर हायेस ना? वार्ताहराला कुनी गप बसवलंय?"

तू म्हणालास, "दोन माणसं न्हायत मी, सोमी."

त्याच आठवड्यात संपादक आले. माणगावात त्यांच्या कानावर गेलं होतं की भट्टीवर एक कातकरी मेला आणि त्यात काहीतरी काळंबेरं आहे. म्हसळ्यापर्यंत एस.टी.नं आणि तिथून उन्हात चढ चढून ते आपल्या दारात आले. धोतर धुळीनं भरलं होतं. माणूस तळमळीचा, हे मी तेव्हाही म्हणत होते. मी पाणी दिलं. ते पिण्याआधीच त्यांनी विचारलं, "गोमाजी, खरं काय?"

तू म्हणालास, "मी आत्ता सांगू शकत न्हाय."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

तू पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवलास.

"अहो, दिवस जातात तसा पुरावा जातो. तुमच्या बायकोचा भाऊ आहे हो तो. मी या अंकात पहिल्या पानावर घेतो. तुमचं नाव घालत नाही. सांगणाऱ्याचं घालत नाही."

"सांगनारं कोन ते त्याला कळंल, साहेब. आनि तुमचा अंक मानगावात पोचायच्या आत तो वर काय करंल ते तुमाला छापता येनार न्हाय."

"तुम्ही वार्ताहर म्हणून बोलताय की वाडीतले म्हणून?"

"तुमी मला वाडीतला म्हनून घेतलं व्हतं," तू म्हणालास.

संपादकांनी माझ्याकडं बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण मीही हात लावला होता. मी आत निघून गेले आणि चुलीपुढं बसले. ते गेल्याचा आवाज आला तरी उठले नाही. त्या दिवशी मी तुला जेवायला वाढलं नाही. तू स्वतः घेऊन जेवलास, आणि माझंही ताट वाढून माझ्यासमोर ठेवलंस. मी ते सरकवलं.

माणसं खाली कशी आणायची, हे नाईकांनी ठरवलं. ते म्हणाले, नवश्याचे दिवस घालायचेत. वाडीतलं माणूस गेलं की वाडीनं एकत्र बसून दिवस घालायचे असतात, हे त्या मुकादमालाही ठाऊक आहे. झाडावरून पडून मेला असं तोच म्हणतो, तर मग माणसांना दिवसाला सोडायला त्याची काय हरकत? नाही म्हणाला तर त्याचंच बिंग फुटतं. आपण जाऊ, पाया पडून मागू. पण बहीण बरोबर हवी. बहिणीनं जाऊन रडलं नाही तर त्याला संशय येईल.

म्हणून मी गेले. नाईक, आणखी दोन म्हातारे, तू आणि मी. तू सदरा काढून ठेवलास, लंगोटी आणि खांद्यावर फडकं, आपल्या बापाचा वेष. पेन घेतलं नाहीस. वाटेत एक मुक्काम केला. एकदा तू माझ्या जवळ येऊन म्हणालास, "तुला जमंल?" मी पुढं चालत राहिले.

भट्ट्या दिसायच्या आधी धूर दिसला. माणसं दिसली, तोंडं काळी, डोळे तेवढे पांढरे. कुणी धावत आलं नाही. जानीच्या नवऱ्यानं आम्हाला बघितलं आणि पुन्हा भट्टीवर माती थापायला लागला. मुकादम खाटेवर बसला होता. शेजारी त्याचे दोन गडी. मुकादम काही राक्षसासारखा नव्हता. कानात अत्तराचा बोळा, चांगला हसतमुख माणूस. त्यानं नाईकांना विडी पुढं केली. नाईकांनी घेतली.

"लई गुणी पोरगा हो," तो म्हणाला. "माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला. नशीब म्हणायचं."

नाईक म्हणाले, "व्हय. नशीब."

तू मान हलवलीस. मी तुझ्याकडं बघत होते. मानेची शीर तेवढी ताठ झाली होती.

मग तो माझ्याकडं वळला. "तू बहीण ना? तुला काय सांगितलं जानीनं?"

"झाडावरनं पडला," मी म्हटलं.

"कुठल्या झाडावरनं?"

जानीनं झाड सांगितलं नव्हतं, कारण झाड नव्हतंच. गडी आमच्याकडं बघायला लागले. लांबवर थापणाऱ्या माणसांचे हात थांबले. आणि मी खाली बसले, जमिनीवर दोन्ही हात आपटले आणि हेल काढला. आपल्या बाया मेलेल्याला विचारत विचारत रडतात, तशी रडले. कोनत्या झाडानं टाकला रं तुला, माझ्या भावा, मला दाखव ते झाड, त्याच्या पायाशी मला बसव. पुन्हा पुन्हा तेच. तिथल्या बायांना कळलं असावं. त्या धावत आल्या आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या. इतका आवाज झाला की मुकादमानं कानावर हात घेतले आणि शेवटी स्वतःच बोट केलं. "तो बघ, तो ऐन. तिथनं पडला."

ते रडणं खोटं होतं की खरं, हे तू मला नंतर एकदा विचारलंस. मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

तू मात्र त्या ऐनाकडं बघत होतास. त्याच्या फांद्या केव्हाच तोडून भट्टीत घातल्या होत्या. नुसता उभा सोट राहिला होता. त्यावर कुणी चढायचं कशाला, आणि पडायचं कुठून? तू ते बघितलंस, आणि मी तुला ते बघताना बघितलं.

मुकादम माणसं सोडायला तयार झाला, पण पूर्ण नाही. म्हणाला, दिवस घालून लगेच परत यायचं. आणि भट्टी पेटलेली आहे, ती राखायला एक घर इथं राहील. त्यानं जानीच्या नवऱ्याकडं बोट केलं.

जानीच्या नवऱ्याच्या हातातलं फावडं खाली आलं. तोवर तू पुढं झाला होतास. "मी राहतो, मालक. माझं लहानपन भट्टीवरच गेलंय. त्याच्या पोराला ताप हाय, त्याला जाऊ द्या."

"तू कोण?"

"बहिनीचा घरवाला."

मुकादमानं तुला वरून खाली बघितलं. म्हणाला, "राहा."

आम्ही निघालो तेव्हा तू मला धुराआड घेऊन म्हणालास, "सगळी खाली पोचली की लिही. तू लिही. माझी वाट बघू नको. ऐकलंस?" तेव्हाही मी काही बोलले नाही. मला वाटतं, तुला ते होकारासारखं वाटलं.

सगळी सुखरूप खाली आली. जानीनं मोठ्या लेकीला पोटाशी धरलं आणि सोडीचना. दुसऱ्या दिवशी दिवस घातले, आणि त्याच बैठकीत मी म्हटलं की आता लिहायला घेते, गोमा तसं सांगून राहिला आहे.

नाईक म्हणाले, "वर आपलं एक माणूस हाय."

मी म्हटलं, "त्यानंच सांगितलंय लिहायला."

"त्यानं सांगितलं. वाडीनं न्हाय सांगितलं. जानीच्या माणसासाठी आपन सगळी थांबलो, तू थांबलीस. गोमासाठी न्हाय थांबायचं?"

मी घरी आले. कागद समोर घेऊन बसले. नवश्याचं नाव लिहिलं. त्यापुढं काही लिहिलं नाही. छापायला गेलं असतं, तर अंक माणगावात एस.टी.च्या स्टँडवर आला असता, ठेकेदारानं वाचला असता, आणि ट्रक वर गेला असता. मला तो ट्रक दिसत होता. मी कागद उचलून ठेवला आणि पाण्याला गेले. त्यानंतर मी तुझी वाट बघितली, बस.

ठरलेल्या वेळी आपली माणसं परत गेली नाहीत; आजूबाजूच्या वाड्यांची माणसं जमवून एकदमच वर जायचं आणि तुला आणायचं, असं ठरलं होतं. त्या दिवसांत तिथं काय झालं ते तू मला एकदाच सांगितलंस. मुकादमाला कळलं की माणसं येत नाहीत. त्यानं तुला जिथं नवश्याला पुरलं होतं ती जागा दाखवली आणि म्हणाला, इथं नवी भट्टी रच. तू नाही म्हणालास. त्याच्या गड्यानं तुझ्या उजव्या हातावर काठी घातली. बोटं मोडली. मग डाव्या हातानं तू रचलीस. लाकूड, पाला, माती. आणि ती पेटवताना उभा राहिलास.

आपल्या वाडीबरोबर आजूबाजूच्या वाड्यांतली माणसंही तुला आणायला वर गेली. एवढा जमाव बघून मुकादम खाटेवरून उठून उभा राहिला, आणि आपली माणसं तुला घेऊन आली. तू अंगणात आलास. हात फडक्यात बांधलेला. मी तुला बसवलं. तू पहिलं विचारलंस, "छापून आलं?"

मी म्हटलं, "न्हाय. लिहिलं न्हाय."

तू माझ्याकडं असं बघितलंस की मी तुझ्या हाताला हात लावू शकले नाही.

मग आपण लिहिलं. तू सांगितलंस, मी लिहिलं, कारण तुझा हात चालत नव्हता, आणि पुढंही नीट चालला नाही. वाडीत वाचून दाखवलं. जानी पुढं आली आणि म्हणाली, "माझं नाव आधी घाल. मी डोळ्यानं बघितलं." मग तिचा नवरा. मग सगळी. अंक आला तेव्हा पहिल्या पानावर आपल्या माणसांची नावं होती, एकाखाली एक, आणि कुठंही जात छापलेली नव्हती. नाईकांनी आपल्या नावावर बोट ठेवून घेतलं. ज्या नावानं त्यांनी आयुष्य काढलं त्याला अक्षरं असतात हे त्यांना तेव्हा कळलं, असं ते म्हणाले.

मामलेदार गेले, डॉक्टर गेले. उकरलं. भट्टी त्या जागेवर दिवसरात्र धुमसली होती. जे निघालं त्यावरून माणूस कशानं मेला हे सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. ऐनाच्या सोटाबद्दल आपण जे लिहिलं होतं ते कोर्टात वाचलं गेलं आणि तिथंच राहिलं. नवश्याबद्दल मुकादमाला काहीही झालं नाही. तुझ्या हाताबद्दल तो आणि त्याचा गडी थोडे दिवस आत गेले. त्यानंतर कुठल्याच वाडीतलं एकही घर त्या ठेकेदाराच्या ट्रकमध्ये चढलं नाही. कितीतरी हंगाम तो येऊन मोकळा परत गेला. शेवटी त्यानं जंगलाचा ठेका सोडला. हे आपल्या बातमीनं झालं, असं संपादक म्हणतात. नाईक म्हणायचे, वाडी बसली म्हणून झालं.

आणि तू म्हणायचास, माझ्यामुळं नवश्याला न्याय मिळाला नाही.

हे तू एकदाच, चांगल्या शब्दांत म्हणाला असतास तर मी सोसलं असतं. तू वर्षानुवर्षं म्हणालास. मळ्यात, बाजारात, एस.टी.ची वाट बघताना. "त्या आठवड्यात लिहिलं असतंस तर भट्टी रचायच्या आत सरकारी मानसं वर गेली असती." मी म्हणायचे, "आनि तू?" तू म्हणायचास, "मी सांगून गेलो व्हतो." मी म्हणायचे, "वाडी बसली होती." तू म्हणायचास, "वाडीचं तू कधीपासनं ऐकायला लागलीस?" मग मी म्हणायचे, "तुझ्याकडनंच शिकले." आणि मग तू उठून जायचास.

तुला राग खरा कशाचा होता ते मला ठाऊक होतं. त्या भट्टीचं पहिलं लाकूड तुझ्या हातानं ठेवलं गेलं होतं. ते मला तुझ्या तोंडावर कधी बोलता आलं नाही. बोलले असते तर कदाचित आपण दोघं रडलो असतो आणि भांडण मिटलं असतं. मला ते बोलायचं नव्हतं, इतकंच. तुझ्या हातानं काही वाईट झालं असं मी मानलं नाही, म्हणून माफ केलं असंही म्हणता येईना.

पण तुझे आभार मानायचे राहिलेत. माझ्या भावाला मारणाऱ्यासमोर लंगोटी लावून मान हलवायला किती ताकद लागते, ते मी बघितलं. हात मोडल्यावर तू माझ्या हातात पेन दिलंस आणि खाली छापलेलं नाव आपल्या दोघांचं असावं म्हणून संपादकांशी भांडलास. म्हसळ्याच्या बाजारात माझ्याकडं बोट करून लोक 'वार्ताहरीण' म्हणायचे, तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त खूष व्हायचास. दुसऱ्या वाड्यांतल्या बाया नवऱ्याला न सांगता माझ्याशी बोलायच्या. त्यातलं कुठलं लिहायचं आणि कुठलं नाही, यावर तू कधी मला एक शब्द विचारला नाहीस.

या पावसाळ्याआधी तुझी छाती भरली. भट्टीचा धूर, डॉक्टर म्हणाले, लहानपणापासूनचा. तू खाटेवर पडून होतास तेव्हाही मी भांडण काढलं. मुद्दाम. तुला बोलतं ठेवायचं होतं. तू हसलास आणि म्हणालास, "तू न्हाय ऐकायचीस." मी म्हटलं, "न्हाय." त्यानंतर तुझा श्वास लागला आणि पुढचं राहिलं.

संपादकांनी परवा जाता जाता मला विचारलं, "बाई, इतक्या वर्षांनी तुम्हाला काय वाटतं? कोण बरोबर होतं?"

मी त्यांना सांगितलं, साहेब, मला ठाऊक नाही. पण तीच वेळ पुन्हा आली आणि वर डोंगरात गोमा असला, तर मी कागद कोराच ठेवीन. त्याला खाली येऊ दे. येऊन रागवू दे, जन्मभर रागवू दे. मी भाकरी वाढीन आणि ऐकून घेईन. रागवायला तो असेल.

सोमी